फुलझाडांच्या नावांचे अर्थ सांगताय? मग या चुका टाळा

अलीकडे कोकणात होम-स्टेच्या, शाळेच्या, देवळाच्या बागेत झाडांना पाट्या लागायला लागल्या आहेत. चांगलंच आहे. पाटीवर मराठी नाव असतं, शास्त्रीय नाव असतं आणि तिसरी ओळ असते ‘नावाचा अर्थ’. माझं भांडण या तिसऱ्या ओळीशी आहे. पहिल्या दोन ओळी चुकल्या तर कोणीतरी जाणता माणूस टोकतो. तिसरी ओळ जितकी चुकीची तितकी लोकांना जास्त आवडते, आणि आवडली की ती पुसायला कोणी तयार होत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून असे मजकूर तपासायला माझ्याकडे येतात. राजापूरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जा, चुका त्याच. माणसं नवी, उत्साह नवा, चूक जुनीच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

नाव मधोमध फोडून अर्थ काढणं

ही सगळ्यात मोठी आणि माझी सगळ्यात नावडती चूक. नाव घ्यायचं, त्याचे दोन तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला संस्कृत किंवा मराठी अर्थ चिकटवायचा आणि मध्ये ‘अपभ्रंश’ हा शब्द घालून जोड झाकायची. मजकुरात ‘अपभ्रंश’ दिसला की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

मालवणजवळच्या एका होम-स्टेवर बोगनवेलीखाली पाटी होती: ‘बोगनवेल – मूळ नाव भोगनवेल. पूर्वी देवाला भोग चढवताना ही फुले वाहत असत, त्याचा अपभ्रंश बोगनवेल.’ मालकांना फोन केला आणि सांगितलं, भाऊ, हे सगळं खोटं आहे.

“बाई, पाटी रंगान झाली. पेंटर पैशे घेवन गेलो. आता काय पुसान टाकू?”

म्हटलं, पुसाच.

“पण लोकांका आवाडली हा. फोटो काढतत.”

पाटी तशीच राहिली. पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातल्या एका मुलीची प्रकल्पवही माझ्याकडे आली. त्यात हेच वाक्य अक्षरशः, आणि खाली ‘माहितीचा स्रोत : स्थानिक परंपरा’. पाटी रंगवून धड दोन पावसाळे झाले नव्हते, तोवर तिची परंपरा झाली! त्यानंतर एका गृहस्थांनी लिहिलेल्या लेखातही ‘भोगनवेल’ भेटली. पुरावा काय, असं विचारलं तर त्यांनी मला फोटो पाठवला. त्याच पाटीचा. कडेला होम-स्टेचा झोपाळासुद्धा दिसत होता.

आता खरी हकिकत. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील आणि त्याच्या आसपासची. लुई आंतुआन द बूगँविल हा फ्रेंच दर्यावर्दी 1766 ते 1769 या काळात पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. मोहिमेत दोन जहाजं होती, ‘ला बूदेझ’ आणि ‘लेत्वाल’. दुसऱ्या जहाजावर फिलिबेर कोमेर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. 1767 मध्ये जहाजं रिओ द जानेरोला थांबली तेव्हा ही रंगीत, काटेरी वेल त्याच्या संग्रहात आली. आपल्या मोहिमेच्या प्रमुखाचं नाव त्याने तिला दिलं. कोमेर्सों 1773 मध्ये मॉरिशसला वारला. ते नाव छापून आलं 1789 मध्ये, आंतुआन लोराँ द ज्यूसिय याच्या ग्रंथात, आणि तेही वेगळ्या स्पेलिंगने: ‘बुगिनविलेआ’. आज आपण लिहितो तसं स्पेलिंग रूढ व्हायला 1930 चं दशक उजाडलं. म्हणजे ज्यांनी नाव ठेवलं त्यांनाही ते धड लिहिता आलं नव्हतं, मग मालवणच्या पेंटरला काय दोष द्यायचा? पेंटरला मी कधीच दोष देत नाही. तो दिलेलं रंगवतो.

हे नाव एका माणसाच्या आडनावावरून आलेलं आहे आणि 1767 च्या आधी ते जगात कुठेच नव्हतं. एवढं कळलं की भोग, भोगन, भोगावती सगळ्यांची सुट्टी. एका किल्ल्यावर तर बोगनवेलीकडे बोट दाखवून ‘शिवकाळापासूनची वेल’ असं सांगणारा वाटाड्या मी ऐकला आहे. महाराजांचा काळ संपला 1680 मध्ये. हिशेब करायला गणिताचे शिक्षक लागत नाहीत.

मग त्यातला ‘वेल’ कुठून आला? तर बूगँविलच्या ‘विल’मधून. मराठी कानावर ‘बोगनविलिया’ पडलं, समोर कुंपणावर चढलेली वेल दिसली, आणि कानाने ‘विल’चा ‘वेल’ करून टाकला. यात लाजण्यासारखं काही नाही. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचं रूप देणं हे जगातल्या सगळ्या भाषा करतात, आणि इथे तर ते इतकं चपखल बसलंय की आता ‘बोगनविलिया’ म्हणणारा माणूस शहरातून आलेला वाटतो. आजच्या मराठीत बोगनवेल ही वेलच आहे. पण शब्दाचं आजचं रूप कसं घडलं ही एक गोष्ट आणि शब्द जन्मला कुठे ही दुसरी. पाटीवर दोन्ही लिहा, हवं तर. एकीच्या जागी दुसरी लिहू नका.

यावर माझी सवय सांगते, पद्धत वगैरे म्हणणार नाही. नावाकडे मी शेवटी बघते. आधी झाड कुठलं ते बघते. जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे पेन्सिलीने पहिली ओळ लिहायची: मूळ ठिकाण. अमेरिका किंवा मादागास्कर आलं की संस्कृत व्युत्पत्तीचा रस्ता जवळजवळ बंद. ब्राझीलच्या झाडाला संस्कृत नाव आधीपासून असणार कसं? मूळ ठिकाणासाठी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाची ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही साइट फुकट बघता येते. दुसरी ओळ: मराठीत हा शब्द कधीपासून? त्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडायचा. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. तिथे शब्द सापडला तर निदान तेव्हा तो लोकांच्या तोंडी होता हे पक्कं. मग कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्ति कोश. एवढं करायला अर्धा तास लागतो. नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो. तेरड्याच्या लॅटिन नावातला पहिला शब्द ‘इम्पेशन्स’, म्हणजे उतावीळ. पिकलेल्या बोंडाला हात लागायचा अवकाश, ते फुटून बिया उडवतं. माझ्याकडे येणारे निम्मे मजकूर त्याच जातीचे असतात.

शोधणारा, नाव ठेवणारा आणि नाव मिळालेला यांची खिचडी

‘बोगनवेलीचा शोध बूगँविलने लावला’ हे वाक्य किती वेळा खोडलं असेल. त्याने शोध लावला नाही, त्याचं नाव दिलं गेलं. ज्या लोकांच्या परसात ती वेल आधीपासून वाढत होती त्यांचा तर उल्लेखही कोणी करत नाही. कोमेर्सोंची मदतनीस झान बारे पुरुषाचा वेश करून त्याच जहाजावर होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली ती पहिली ज्ञात स्त्री. वेल पहिल्यांदा तिनेच आणली असावी असं काही जण म्हणतात. तो तर्क आहे, त्यामुळे पाटीवर तर्क म्हणूनच यावा.

आपलं राज्यपुष्प ताम्हण. त्याच्या शास्त्रीय नावात माग्नुस फॉन लागरस्ट्रोम हा स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक आहे. झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनिअसचा तो मित्र, त्याला नमुने मिळवून द्यायचा. एप्रिल-मे महिन्यात ओढ्याकाठी जांभळं फुललेलं ताम्हण काही त्याने शोधलेलं नाही. दोस्ताने दोस्ताचं नाव दिलं, बस.

आणि अनंत! ‘गार्डेनिया म्हणजे बागेतले फूल’ असं छापील पुस्तकातही बघितलंय. ते अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरच्या आडनावावरून आलं आहे. स्कॉटलंडचा माणूस, अमेरिकेत चार्ल्सटनला दवाखाना होता त्याचा. बागेचा संबंध शून्य.

नाव एक म्हणजे झाड एक, असं समजणं

ही चूक नुसती चुकीची नाही, धोक्याची आहे. म्हणून इथेही जरा थांबते.

एका शाळेच्या प्रदर्शनात तगरीच्या कुंडीला तक्ता लावला होता. पांढरी, चक्रासारखी फुलं, देवपूजेची आपली नेहमीची तगर. तक्त्यावर: ‘तगर – आयुर्वेदात प्रसिद्ध. मुळाच्या चूर्णाने शांत झोप लागते.’ मुलांनी ते जुन्या आयुर्वेदाच्या पुस्तकातून उतरवलं होतं आणि पुस्तक खोटं नव्हतं. फक्त पुस्तकातला तगर म्हणजे हिमालयातली व्हॅलेरियन, सुगंधी मुळांची छोटी वनस्पती. कोकणच्या परसातली तगर म्हणजे टॅबरनेमोंटाना, चीक असलेलं झुडूप, कण्हेरीच्या कुळातलं. नाव तेच, झाड वेगळं, गुण वेगळे. आणि चीक येणाऱ्या त्या कुळात विषारी झाडं काही थोडीथोडकी नाहीत, खुद्द कण्हेर त्यातलीच. तो तक्ता मी तिथल्या तिथे काढायला लावला. प्रदर्शनाच्या प्रमुख बाईंना ते आवडलं नाही. “एवढ्यासाठी मुलांचा हिरमोड कशाला?” म्हणाल्या. कुणाच्या आजोबांनी झोप येत नाही म्हणून ते मूळ उगाळून घेतलं असतं म्हणजे?

कुंडीतल्या तगरीच्या नावाची गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. टॅबरनेमोंटाना हे नाव सोळाव्या शतकातल्या याकोब थिओडोर या जर्मन वैद्यावरून आलं. त्याचं गाव बेर्गझाबेर्न. त्याने गावाच्या नावाचं लॅटिन करून ते स्वतःच्या नावाला जोडलं, टॅबरनेमोंटानुस. म्हणजे आपल्या देवघरातल्या तगरीच्या नावात एक जर्मन गाव बसलंय. हे पाटीवर लिहा ना, खरंही आहे आणि लोकांना आवडेलही.

आता चाफा. मराठी माणसाने ‘चाफा’ या शब्दाला किती कामाला लावलंय बघा. सोनचाफा हा खरा चंपक, मॅग्नोलिया कुळातला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. भुईचाफा आल्या-हळदीच्या कुळातला, म्हणून तो जमिनीतून वर येतो. नागचाफा म्हणजे नागकेशर, तो आणखी वेगळा. आणि देवळाबाहेरचा पांढरा खुरचाफा तर कण्हेरीच्या कुळातला. आपल्याकडे सुगंधी, लक्षात राहील असं फूल दिसलं की ते चाफा झालं आणि पुढे ओळखीसाठी सोन, नाग, भुई असं काहीतरी लागलं. त्यातून नातं काढायला जाऊ नये.

यातला खुरचाफा सगळ्यात जास्त फसवतो. जुन्या देवळाच्या आवारात तो असतोच, खोड वाकडं, फांद्या जाड, पावसाआधी पानं नसलेली. तो हजार वर्षांचा वाटतो. मग पाटीवर संस्कृत श्लोकातला चंपक येतो. पण खुरचाफा, म्हणजे प्लुमेरिया, उष्ण कटिबंधीय अमेरिकेतला. नाव शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मसाधू वनस्पतिज्ञाचं. संस्कृत कवींनी ज्या चंपकाची कळी नायिकेच्या कांतीशी ताडून बघितली तो सोनचाफा, पिवळा. वेंगुर्ल्याकडे ज्याच्या बागा लावतात तो. खुरचाफ्याच्या पाटीवरचा श्लोक पुसून सोनचाफ्याच्या पाटीवर लिहावा, रंग वाया जाणार नाही.

गंमत अशी की ज्या दोघींच्या नावात काहीच सारखं नाही त्या एका कुळातल्या निघतात. बोगनवेल आणि गुलबक्षी. दोघीही अमेरिकेच्या, दोघीही निक्टाजिनेसी कुळातल्या. बोगनवेलीत आपण ज्याला पाकळी म्हणतो ती रंगीत पानं आहेत. खरी फुलं आत, बारीक, पांढरट, नळीसारखी. एक नळी काढून गुलबक्षीच्या नळीशेजारी ठेवा, मग कोश उघडायची गरज नाही. गुलबक्षी, काही घरी गुलबास, हा शब्द फारसी ‘गुल-ए-अब्बास’वरून आला, अब्बासाचं फूल. त्या नावात इराण आहे म्हणून झाड इराणचं ठरत नाही.

आणि हे फक्त मराठीत होतं असंही नाही. ‘पारिजातक’ बघा. आपल्याला अंगणात केशरी देठांचा सडा घालणाराच आठवतो, सत्यभामेच्या दारातला. पण अमरकोशात ‘पारिभद्रे निम्बतरुर्मन्दारः पारिजातकः’ अशी ओळ आहे, आणि तिथे तो सगळा नामसमूह पांगाऱ्याचा. त्यातच मंदारही आहे. आज आपण मंदार म्हणतो पांढऱ्या रुईला. तेव्हा जुन्या ग्रंथात पारिजातक दिसला की लगेच प्राजक्ताच्या झाडाला पाटी ठोकू नका. मागेपुढे काय वर्णन आहे ते वाचा. काटे, लाल फुलं, वसंत ऋतू असं असेल तर तो पांगारा आहे.

लॅटिन दिसतंय म्हणजे लॅटिनच असणार

बकुळीला शास्त्रीय नाव ‘मिम्युसॉप्स एलेंगी’. एका महाविद्यालयीन मुलाने ‘एलेंगी’चा अर्थ लिहून आणला होता: ‘एलिगंट या लॅटिन शब्दावरून, सुंदर.’ इतकं सफाईने लिहिलं होतं की क्षणभर कौतुक वाटलं. एलेंगी हा शब्द मल्याळी आहे. केरळात बकुळीला इलंजी म्हणतात. आपण सिंधुदुर्गात ओवळ म्हणतो, तसंच.

तो लॅटिनमध्ये गेला कसा, हे आपल्या किनाऱ्याला अभिमान वाटावा असं प्रकरण आहे आणि पाट्यांवर ते कधीच दिसत नाही. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने ‘हॉर्टुस मलबारिकुस’ नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवला. 1678 ते 1693 या काळात तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या माहितीसाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यासोबत तीन कोकणी वैद्य बसले होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचं 1675 सालचं प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोकणी भाषेत, त्या ग्रंथात छापलंय. चित्रांवर झाडांची नावं मल्याळी आणि अरबी लिपीबरोबर नागरीतही आहेत. पुढे लिनिअसने भारतातल्या अनेक झाडांसाठी हाच ग्रंथ समोर ठेवला आणि इथली बरीच नावं लॅटिन शेपटी लावून किंवा न लावता तशीच घेतली.

सोनचाफ्याचं ‘चंपाका’ हे आपलं चंपक. सुरंगीचं ‘सुरिगा’ हेही इथलंच, किनाऱ्यावरचं. सुरंगीवरून आठवलं: ‘सु म्हणजे चांगला, रंगी म्हणजे रंगाची’ ही फोड मला वर्षातून एकदा तरी येतेच, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाजारात तिचे वळेसार, म्हणजे गजरे, यायला लागले की. फूल पांढरं, मधोमध पिवळे पुंकेसर. लोक ते वासासाठी माळतात, रंगासाठी नव्हे. शेजारच्या कन्नडमध्ये शब्द आहे ‘सुरगी’, लॅटिनमध्ये नोंदला गेला ‘सुरिगा’. दोन्हीत अनुस्वारच नाही. रंगाची फोड करणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

मोगऱ्याचं ‘सांबाक’ मात्र अरबी ‘झंबक’वरून. मराठी मोगरा संस्कृत मुद्गरावरून. मुद्गर म्हणजे मोगरी, लाकडी हातोडा. टपोरी कळी बघितली की पटतं.

प्राजक्ताचं उत्तरार्धातलं ‘आर्बोर-ट्रिस्टिस’, म्हणजे दुःखी झाड, हे तर गोव्याहून गेलेलं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात त्याने ‘आर्व्होरे त्रिस्ते’ची इथे ऐकलेली गोष्ट दिली आहे. सूर्यावर प्रेम करणारी सरदाराची मुलगी, सूर्याने तिला सोडलं, तिने जीव दिला, चितेच्या राखेतून झाड उगवलं, म्हणून त्याची फुलं सूर्य उगवायच्या आत गळतात. ‘हे दुःखी नाव इंग्रजांनी दिलं’ असं लिहिणाऱ्यांनी साल बघावं. 1563 मध्ये इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी जन्मालाही आली नव्हती.

नावातल्या गावावर विश्वास

झेंडूला इंग्रजीत ‘आफ्रिकन मॅरिगोल्ड’ म्हणतात. झेंडू मेक्सिकोचा. गुलबक्षीच्या नावातलं ‘जलापा’ हे मेक्सिकोतल्या हलापा गावावरून, कारण जलाप नावाचं रेचक हिच्याच मुळापासून मिळतं असा समज होता. ते निघालं भलत्याच वेलीचं. जास्वंदीच्या नावात ‘रोझा-सायनेन्सिस’ आहे, चीनचा गुलाब. ती गुलाब तर नाहीच. नाव ठेवणाऱ्याला जे माहीत होतं ते त्याने लिहिलं. तुम्ही त्यापुढे जाऊन बघा.

कळलावी

हिच्यावरून माझी दरवर्षी गणपतीच्या तोंडावर कोणाशी तरी जुंपते. माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानफुलं-फळं बांधतात त्या चौकटीला, बांधायला ही लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं आणतात, आणि कोणीतरी सांगतंच, “घरात ठेवू नका, भांडणं लागतात, म्हणून कळलावी.” मराठीत ‘कळ लावणे’ म्हणजे भांडण लावणे हे खरं. पण ‘कळ’चा दुसरा अर्थ वेदना, आणि बाळंतपणाच्या कळा आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो. जुन्या निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांत, हिचं एक नाव गर्भपातिनी असं आहे. हे समोर ठेवलं की ‘कळ’ कुठली हे ठरवायला फार डोकं लागत नाही. कळा आणणारी ती कळलावी. भांडणाची गोष्ट मागून जोडलेली दिसते.

पण हे पाटीवर लिहाल तर पुढची ओळ त्याच आकाराच्या अक्षरात लिहा: कंदासकट सगळं झाड विषारी आहे. त्यात कोल्चिसिन असतं. थोडं पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो. नावात औषध आहे म्हणून कोणी प्रयोग करायचा नाही. मुलं असलेल्या घरात माटवी सोडताना ही फुलं वेगळी काढून हात धुवायचे, एवढं मी करते.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

घाटातल्या आंबोली गावाचं नाव अबोलीच्या फुलावरून पडलं, असं सांगताना ‘आं’ कुठून आला तेही सांगा, नाहीतर उद्या कोणी ते आंबोळीवरून पडलं म्हणेल.

निशिगंधाचं इंग्रजी ‘ट्यूबरोज’ म्हणजे ट्यूब अधिक रोज नव्हे. तो लॅटिन ‘ट्यूबेरोसा’, कंदवाली.

सदाफुलीला गोष्ट नकोय. सदा फुलते म्हणून सदाफुली. प्रत्येक नावामागे ऋषी असलाच पाहिजे असं नाही.

मोबाइलवर फोटो काढून ओळखलेलं नाव हा अंदाज समजा, पान, फूल आणि फळ जुळवून बघेपर्यंत रंगाचा डबा उघडू नका.

तुमच्या वाडीतलं नाव म्हणजे कोकणाचं नाव नाही. रत्नागिरीला बकुळ, सावंतवाडीला ओवळ. पाटीवर दोन्ही येऊ देत, जागा असते.

आजीने सांगितलेली गोष्ट खोटी म्हणून फेकू नका, आणि व्युत्पत्ती म्हणून लिहूही नका. ‘अशी गोष्ट सांगतात’ हे तीन शब्द त्यासाठीच आहेत. प्राजक्ताखाली सत्यभामेची गोष्ट अशीच लिहावी, झकास दिसते.

आणि काहीच सापडलं नाही तर ‘नावाचा अर्थ’ ही ओळच पाटीवर घेऊ नका. पेंटर अक्षरावर पैसे घेतो. त्या पैशात कुळाचं नाव आणि फुलायचा महिना लिहून घ्या.